बासष्टाव्या पानानंतर

“हॅलो?… हो, मालवणच… हो हो, मी जानकीच बोलतेय. बांद्याहून? द्या, द्या ना… हॅलो?… हॅलो, नीरू? अगं मोठ्याने बोल, तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय!”

शनिवारची सकाळची शाळा आटोपून जानकी जेवून माडीवर लवंडली होती, तेवढ्यात खालून अक्काने हाक मारली, बांद्याचा ट्रंक कॉल आहे म्हणून. घर अक्काचं, फोनही अक्काचाच. माडीवरच्या दोन खोल्यांत जानकी बारा वर्षं भाड्याने राहत होती. दोन्ही खोल्यांत पुस्तकं होती आणि उरलेल्या जागेत ती. फोनसमोरच्या पाटावर अक्का अबोलीच्या फुलांचा वळेसार ओवत बसली होती. कोणाचाही फोन आला की तिची बोटं जरा हळू चालायची.

“नाही गं, झोपले कुठे? वाचत पडले होते… एक कथासंग्रह आलाय पोस्टाने. अर्धी पानं तर अजून जोडलेलीच आहेत, कापायची आहेत… नाही, काही खरं नाही त्याचं. पहिल्याच गोष्टीत तीन माणसं मरतात. का मरतात ते लेखकालाही ठाऊक नसावं… हो, लिहिणार ना, पुढच्या अंकात. तू काय घेतलंस प्रदर्शनात?… किती? चार! शाब्बास!… हं… हं… बरं केलंस, तुझं झालं की मला दे… आणि?”

नीरू, म्हणजे नीरजा, ही जानकीच्या धाकट्या बहिणीची, सीतेची, एकुलती एक मुलगी. वय अठरा, सावंतवाडीच्या कॉलेजात पहिलं वर्ष. घरातलं सगळं बोलणं मालवणीत आणि पुस्तकांचं तेवढं पुस्तकी मराठीत, अशी मावशी-भाचीची पहिल्यापासूनची रीत होती. कुडाळच्या एका साप्ताहिकात जानकी नव्या पुस्तकांवर लिहायची. ती परीक्षणं नीरू कापून वहीत चिकटवायची आणि मावशीने चांगलं म्हटलेलं पुस्तक कुठूनतरी मिळवायचीच.

“…हो का. मसुरकरांची कादंबरी घेतलीस.”

जानकीने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

“नाही, आवडलीच आहे. लिहिलंय ना मी तसं… हो, भाषा चांगली आहे त्यांची… तू सगळी वाचलीस?… आईला वाचून दाखवतेयस?”

तेही नवं नव्हतं. सीता सातवीपर्यंत शिकलेली. पण नीरू दहावीत गेल्यापासून रोज तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात बसून आईला वाचून दाखवायची. सीता भाकऱ्या थापत ऐकायची. बरं-वाईट काही म्हणायची नाही. पण एखादा दिवस चुकला की विचारायची, ‘आज नाय वाचूचा?’ जानकीला या गोष्टीचं मोठं कौतुक होतं. शाळेत दहा जणांना सांगून झालं होतं.

परीक्षण लिहिताना मात्र हे तिच्या मनात आलं नव्हतं.

“कुठपर्यंत आलात?… अगं असंच विचारलं… बरं, मग?… मग काय झालं?… उठून गेली? चुलीवर काहीतरी करपत असेल… हं… परवापासून?”

आता तिची मराठी आपोआप बदलली.

“नीरू, रव जरा. परवापासून बोलूक नाय म्हणजे? तुझ्याकडेच बोलणा नाय, की कोणाकडेच?… जेवली?… तुझो बापूस खंय?… कोल्हापुराक? केवा येतलो?… सोमवारी. बरा… नाय गो, ताप कसलो… तू माका एक सांग, ती उठान गेली तेवा खयच्या पानार होतस? पुस्तक हाड आणि बघून सांग… नाय? पुस्तक नाय म्हणजे? गेला खंय पुस्तक?… घेऊन गेली? कोण घेऊन गेली? आवस? सीता? खंय गेली?”

अक्काच्या हातातला दोरा थांबला.

“केवा?… साडेअकराक! आता चार वाजूक इले गो! सांगून गेली नाय?… तू खंय होतस?… बरा, बरा, रडा नको. दुकानात कोण आसा? शिवा आसा?… तेका स्टँडार धाड. आताच्या आता. तो पस्तीस वर्षां थंय जाता-येता, कंट्रोलर वळाखता तेका. खयच्या एस्टयेत बसली ता इचारूक सांग. आरोंद्याची धरल्यान काय ता इचार… कित्याक ता मगे सांगतंय. पयलो तेका धाड!”

हरिश्चंद्राचं, म्हणजे सीतेच्या नवऱ्याचं, किराणा मालाचं दुकान बांद्याच्या बाजारात होतं, आणि घर दुकानाच्या मागेच. फोन दुकानात. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग नीरूची लांबून हाक, ‘शिवाकाका!’ मग नुसतीच बाजाराची गजबज. जानकी उभीच होती. रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखू लागला.

“हॅलो… अं? हो, झाली का तीन मिनिटं? वाढवा, बाई. वाढवा. तोडू नका हं… नीरू? गेलो शिवा? धावत? बरा… नाय, आरोंदा असाच म्हटलंय. तुमचा जुना घर थंय आसा ना, म्हणान… नीरू, तशा नाय गो…”

पण नीरू आता विचारायला लागली होती. परवा संध्याकाळी काय वाचलं ते ती एकेक सांगत गेली, आणि जानकी ऐकत राहिली.

“…हो… तरीवरची शेड, होडी लागता थंयली… हो, आयकतंय… दुपारची वेळ, शेडीत कोण नाय… बाकार पोर ठेवल्यान… आणि होडयेत चढली… हं… नाय, पुढे काय ता माका… माका सांग तू… कशी म्हणजे? नाय गो, मी परीक्षण लिवलंय ता खरा, पण…”

जानकीने ओठांवरून जीभ फिरवली.

“मी ती पुरी वाचूक नाय, नीरू… नाय वाचूक. बासष्ट पाना वाचलंय… वेळ नाय होतो. सहामाहीचे पेपर होते, साप्ताहिकवाले घाय करी होते… हो, ‘पाषाणहृदयी माता’ मीच लिवलंय. पुस्तकाच्या पाठीर छापलेलो शब्द तो, थंयसून घेतलंय… हो. चुकला. माका म्हायत आसा चुकला ता.”

बारा वर्षांत तिने शंभरावर परीक्षणं लिहिली होती आणि प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. कंटाळवाणी पुस्तकंसुद्धा हट्टाने संपवायची. हेच एक तिने बासष्टाव्या पानावर मिटलं होतं. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. मलपृष्ठ समोर ठेवून तिने चारशे शब्द लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट पेटीत टाकलं. आठवड्याने मसुरकरांचं आभाराचं कार्ड आलं होतं.

“…काय म्हटलंस?… चिंगळी?”

तिने डोळे मिटले. सगळ्यांची नावं बदलली त्यांनी, गावाचं बदललं, आणि हे एवढं मात्र ठेवलं.

“हो, आसतला. पोरांक असा कायबाय म्हणतत… नाय… नीरू, माझा आयक… बरा. खोटा कशाक बोलू? तुका म्हणत होतंय मी चिंगळी. तू माझ्याकडे होतस तेवा. इतकीशी होतस, बारक्या कोळंबीसारखी वळवळत रवस, म्हणान… हो, ते चार म्हयने. आवशीक टायफॉइड झालो होतो म्हणान तुका माझ्याकडे ठेवलेली, असा तुका सांगलेला ना आमी… नाय. टायफॉइड नाय होतो.”

तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि अक्काकडे पाहिलं. एरवी अक्का उठली नसती. आज तिने टोपली काखेला लावली आणि आत गेली. मधे दार नव्हतं, पडदाच होता. तो पडदा बराच वेळ हलत राहिला.

“हॅलो, आसस? आता मी सांगतंय ता वगी रवान आयक. शिवा येयसर माका सांगूक होया. मदी बोला नको… तू तीन म्हयन्यांची होतस. तेवा तुमी आरोंद्याक होती, जुन्या घरात. तुझी आवस वीस वर्षांची. बाळंतपणापासून तिका झोप नाय होती. रडणा नाय, बोलणा नाय, भितीकडे बघीत बसलेली आसायची. आमी म्हटला, अशक्तपणा. कोणाक काय कळूक नाय. मी सुटयेक इलंय तेवा एक दिवस बघून गेलंय, माकाय कळूक नाय… मगे वैशाखात एका दुपारी ती तुका घेऊन तरीर गेली.”

फोनमधून एखादं यंत्र दूरवर चालावं तशी घरघर येत होती.

“…हो. ठेवल्यान… हो, बाकार. दुलयेत गुंडाळून, उनाच्या बाजूक पिशवी आडवी लावून. आणि होडयेत बसान पलीकडे गेली… ‘टाकून’ म्हणा नको… म्हणा नको म्हणतंय ना मी!… यशोदा म्हणान एक मासेवाली होती, तिना तुका बघल्यान आणि घराक हाडून दिल्यान. अर्ध्या तासात. तू झोपलेलीच होतस… नाय, पोलीस-बिलीस काय नाय. तुझो बापूस कोणाकडे एक शब्द बोलूक नाय, आजपर्यंत.”

“…तिचाच सांगतंय. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेक माझ्या दारात. तेवा मी हंयच मालवणात, भरडार रवत होतंय. कशी इली, कोणी हाडल्यान, आज पण म्हायत नाय. पायात चप्पल नाय. चोळी दुधान भिजलेली, वाळलेली, परत भिजलेली. माका म्हणाली, ‘ताई, पोर जिता आसा मां?’ त्या पयला वाक्य तिचा. तीन म्हयन्यांत पयला.”

आता नीरू रडत होती. जानकी थांबली. तिकडे दुकानात कोणी गिऱ्हाईक आलं असावं. नीरूने नाक ओढत कोणाला तरी ‘बाबा नाय, सोमवारी या’ म्हटलेलं ऐकू आलं.

“…पुस्तकात काय आसा ता माका म्हायत नाय, नीरू… तशा लिवलाय? जावक जागा नाय म्हणान परत इली? आणि पोराक जल्मात कधी हातात घेवूक नाय?… असो शेवट केलाय?”

ती भिंतीला टेकली.

“माका जा दिसला ता सांगतंय. हरिश्चंद्र तुका घेऊन माझ्याकडे इलो आणि दोघांक ठेवून गेलो. चार म्हयने ती तुका हातात घेवूक नाय. ता खरा. खोटा सांगान काय करू?… भियत होती गो. आपल्या हातान काय तरी होयत म्हणान. तू रडूक लागलस की ती दुसऱ्या खोलयेत जाय, पण दाराक कान लावून उभी रव. मी बघलंय ना! शेळयेचा दूद मी पाजी होतंय, आणि ती दाराआड उभी रवान किती पिलस ता मोजी होती… मगे एक दिवस मी शाळेतसून इलंय, तर ही न्हाणीत. पाणी तापवलेला, तुका पायार आडवी घेतलेली आणि न्हाव घाली होती. माझ्याकडे बघूक पण नाय. मी काय इचारूक नाय, तिना काय सांगूक नाय. आठ दिवसांनी आरोंद्याक परत गेली, तुका घेऊन. पुढचा तुका म्हायत आसा. तुझी आवस कशी आसा ता माका कित्याक इचारतंस? अठरा वर्षां तू बघतंस तिका.”

“…हो, वाढवा बाई… हो, मालवणकडूनच सांगतेय, वाढवा… नीरू?… काय?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. तरी तो आल्यावर तिचा हात फोनच्या वायरीशी चाळा करू लागला.

“मसुरकरांक कसा कळला… माका काय म्हायत? आरोंदा काय मोठो गाव नाय. त्या यशोदेन कोणाकडे तरी बोलला आसतला. लेखक लोक फिरतत, इचारतत, टिपून ठेवतत… हो, वळाखतंय ना. तीन वर्षां आमच्या शाळेत होते… चिंगळी? ता पण कोणी सांगला आसतला… नाय. माझ्याकडे कधी ह्यो विषय निघूक नाय.”

विषय निघाला होता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, शाळेच्या ग्रंथालयात. पुस्तकांची वार्षिक तपासणी चालली होती. मसुरकर क्रमांक वाचत होते आणि ती वहीत खुणा करत होती. चौथ्या कपाटाशी ते थांबले. ‘जानकीबाई,’ म्हणाले, ‘इतकं वाचता तुम्ही. तुमच्याकडे स्वतःची एखादी गोष्ट असेलच की.’ संध्याकाळ होईपर्यंत जानकी बोलत होती. तपासणी त्या दिवशी चौथ्या कपाटावरच राहिली.

“…इलो शिवा? काय म्हणता? इचार तेका नीट… वाडीची? आरोंद्याची नाय? नक्की?… कंट्रोलरान सोता बघल्यान?… देवा रवळनाथा!”

ती तिथेच जमिनीवर बसली, वायर ताणून रिसीव्हर कानाशी धरून.

“नाय, काय नाय… बसलंय जरा. माका वाटला होता… जावंदे. वाडीची एस्टी म्हणजे काय काळजी नाय. बाजार करूक गेली आसतली… हो, खरा, बाजार बांद्याक पण आसा… मगे वाडीक कोण आसा तुमचा? तुझी आत्ये आता रवता खंय, कुडाळाक ना?… मगे?”

आणि बोलता बोलता तिला आठवलं. मसुरकरांची बदली वाडीला, म्हणजे सावंतवाडीलाच झाली होती. ते तिथेच राहत होते.

“नीरू… तुझ्या आवशीक मसुरकरांचा घर म्हायत आसा?… तू दाखवलंस? केवा?… वाडीक प्रदर्शनाक गेलेली तेवा. ‘मावशीचे मित्र हंय रवतत’ म्हणान… हं.”

अक्का आत भांड्यांचा आवाज करत होती, मुद्दाम.

“…नाय, आसंय मी. काय नाय… कोण? कोण इला?… इली? एस्टीतसून? एकटीच?… कशी दिसता?… हातात पुस्तक आसा? बरा… नाय, माका दिव नको, आधी तिका बसूक दी, पाणी पिवंदे… नीरू, आयक, फोन दिव नको, मी फाल्या सकाळीच येतंय तकडे, पयल्या… सीते?”

रिसीव्हर नीरूच्या हातून सीतेच्या हातात गेला होता.

“सीते, बरी आसस मां?… मी किती घाबारलंय म्हायत आसा तुका? ह्या पोरीक एक शब्द सांगून जायचा ना… हो… हो… भेटले ते?… काय म्हणाले?”

जानकी ऐकत होती.

“…हो.”

“…हो. मीच.”

“…नीरू थंय उभी आसा?… आयकता ती?… हो, तिना माका आताच इचारल्यान. मी नाय म्हटलंय. यशोदेर घातलंय… हो, मेल्या बायेर. तिका सांग, मावशी खोटा बोलली म्हणान… नाय, तूच सांग. माझ्यान होवचा नाय… बरा. दी… नको? आयकूक पण नको म्हणता?… बरा.”

तिने पदराने तोंड पुसलं. डोळे कोरडेच होते.

“…कित्याक? कित्याक ता… तेंनी इचारल्यानी म्हणान, सीते. तुमच्याकडे एखादी गोष्ट असेल, म्हणाले. माका आजपर्यंत कोणी काय इचारूक नाय. मी लोकांच्या गोष्टी वाचतंय, पेन्सिलीन खुणा करतंय, ह्या बरा नि त्या वायट म्हणतंय. माझी सोताची एक नाय. पंचेचाळीस वर्षां झाली, एक गोष्ट नाय. तेंका दिवक माझ्याकडे तुझी होती… हो. तुझी होती. माझी नाय होती, ता माका तेवा पण म्हायत होता.”

“…काय? न्हाणीतला?… नाय. ता तेंका सांगूक नाय… विसारलंय नाय गो. ता कसा विसारतलंय?… आठवला होता. तेवाच आठवला होता.”



“तरीवरचा सांगलंय, तेवा ते एकदम गप झाले. हातातली यादी खाली ठेवल्यानी. इतक्या वर्षांत माझा कोणी असा आयकूक नाय. मगे पुढचा सांगलंय असता तर… तर ती साधीच गोष्ट झाली असती. बायको बरी झाली, पोर घेऊन घराक गेली. म्हणान थंयच थांबलंय… हो. म्हणजे तो शेवट तेंनी केल्यानी नाय. मीच तेंका तेवढा दिलंय… हो… तू म्हणतंस ता खरा.”

घरघर, आणि त्या घरघरीत सीतेचा आवाज. तो चढलेला नव्हता. तेच जानकीला सोसवत नव्हतं.

“…परीक्षण? तुझ्याकडे आसा?… नीरूच्या वहीत. वाचू नको, सीते. आयक, वाचू नको…”

पण सीता वाचत होती. अडखळत, सातवीतल्या मुलीसारखी, बोट ठेवून. जानकीने आपलीच चार वाक्यं शेवटपर्यंत ऐकली.

“…पुरा नाय वाचलंय. नीरूक म्हटलंय, वेळ नाय होतो… नाय, वेळ होतो. सगळी रात पडली होती. बासष्टाव्या पानार शेड इली. बाक इलो. आणि एक पोरसवदा बायल कडेर पोर घेऊन उतरणीर उभी. तुका वळाखलंय मी, सीते. थंयच वळाखलंय. आणि पुस्तक मिटलंय. पुढचा वाचला नाय तर मी केलेला दिसूचा नाय, असा वाटला. मगे तेंका बरा वाटाक होया म्हणान लिवलंय… वळाखून लिवलंय, हो. तो शब्द पण. वळाखून.”

हे तिने आजवर स्वतःशीसुद्धा बोलून पाहिलं नव्हतं. आता बोलून झालं होतं आणि ते परत घेता येत नव्हतं.

“…मी फाल्या येतंय. पयल्या एस्टीन. तुझे पाय… बरा, पाय नको. नुसती बसतंय. बाकड्यार बसान परत येतंय… फाल्या नको? मगे केवा? हरिश्चंद्र इल्यार?… तेका सांगतलंस?… हो, तो तुझो इचार. मी मदी पडनंय नाय… शिमग्याक येव?… तेवा पण नको.”

“…मी साप्ताहिकात लिवन, चूक झाली म्हणान… नाय? कोणाचीच चूक छापूची नाय?… खरा. परत लोक वाचतले… बरा. काय लिवणंय नाय.”

“…नीरूची पुस्तका? तिची दोन माझ्याकडे आसत… पोस्टान धाडू?… आणि नवी?… नवी धाडूची नाय. बरा… तिचा वाचणा सोडवू नको मात्र, सीते. माझा काय ता असांदे, पण सांजेचा वाचणा… नाय, मी कोण सांगणारी. खरा आसा.”

“सीते, एकदा दी तिका. एकच मिनिट. मी काय बोलनंय नाय, ती काय बोलात ता आयकतंय… इचार ना तिका… काय म्हणता ती?… सीते?… काय म्हणाली ती?…”

“हॅलो?”

“हॅलो? सीते?… हॅलो?”

जानकीने रिसीव्हर जागेवर ठेवला. दोन्ही हातांनी ठेवला, फुटेल म्हणून ठेवावा तसा. पडदा बाजूला झाला आणि अक्का आली. तिने पाण्याचा तांब्या आणि पेला जानकीजवळ जमिनीवर ठेवला. पाटावर बसून अर्धा राहिलेला वळेसार पुन्हा ओवायला घेतला. बाहेर अंगणात उन्हं माडांच्या बुंध्यांवरून सरकत वर चढली होती. अक्का ओवत होती, एक फूल, मग एक फूल. जानकी ते बघत बसली होती.

फोन वाजला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने उचलला. तांब्या कलंडला, पाणी पाटापर्यंत गेलं.

“हॅलो? नीरू?… नीरू, बाय, बोल!… अं?… हो. हो, मालवणच… हो, बांद्याशीच बोलत होते मी… नाही बाई, लाइन नाही तुटली… नाही, नको, परत जोडू नका. त्यांनीच ठेवला.”